कॅसेटमधील माणसे

मुलामुलींनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. कपाटावर, माळ्यावर किंवा पलंगाखालच्या ट्रंकेत एखादी काळी, जाड पुस्तकाएवढी प्लॅस्टिकची पेटी पडली आहे का, ते पाहा. तिच्या कडेला पांढरी चिठ्ठी असेल आणि चिठ्ठीवर फिकट शाईत 'शादी, १९९३' किंवा 'मुंज, दादर' असे काही लिहिलेले असेल. ही व्हिडिओ कॅसेट. तुमच्यापैकी अनेकांनी ती चालताना कधीच पाहिली नसेल. घरातल्या मोठ्या माणसांना विचारलेत तर ते म्हणतील, "ती आता चालत नाही, पण टाकू नका." या उत्तरातील दोन्ही भाग बरोबर आहेत. पहिला भाग बदलता येतो. तो कसा बदलायचा, हे या पाठात पाहू.

कॅसेट उघडली की आत दोन चक्रांवर गुंडाळलेली एक तपकिरी पट्टी दिसते. तिला मराठीत फीत म्हणतात. उर्दूत तुम्ही 'फीता' म्हणता. हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आले, म्हणून ते भावंडांसारखे दिसतात. ही फीत १२.७ मिलिमीटर रुंद असते आणि माणसाच्या केसापेक्षाही पातळ असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे अडीचशे मीटर लांब असते. तिचा पाया पॉलिस्टरचा असतो. त्यावर एका चिकट लेपात मिसळलेले चुंबकीय कण बसवलेले असतात. चित्र आणि आवाज या कणांच्या चुंबकीय मांडणीत साठवलेले असतात. म्हणूनच फीत प्रकाशासमोर धरली तरी तिच्यात काही दिसत नाही. सिनेमाची फिल्म डोळ्यांना वाचता येते, व्हिडिओची फीत मात्र यंत्रालाच वाचता येते. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

मुंबईत दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत चित्रे दिसू लागली ती १९८२ साली, दिल्लीतील आशियाई खेळांच्या वेळी. जपानमध्ये १९७६ साली व्हीएचएस जातीची कॅसेट बाजारात आली होती. ती चालवणारे व्हीसीआर नावाचे यंत्र ऐंशीच्या दशकात आपल्या गल्ल्यांत पोहोचले. बऱ्याच घरांत ते आखाती देशांत नोकरीला गेलेल्या काकांनी किंवा मामांनी आणले. ज्यांच्याकडे नव्हते ते एका रात्रीसाठी भाड्याने आणत. मग त्या रात्री गॅलरीपर्यंत माणसे दाटीवाटीने बसून लागोपाठ तीन चित्रपट पाहत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत डुलक्या घेत.

थोड्याच दिवसांत खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस लग्नसमारंभांत दिसू लागला. त्याच्याबरोबर प्रखर दिवा धरणारा एक मुलगा असे. त्या दिव्यामुळे पाहुणे डोळे बारीक करत, लहान मुले रडत आणि वधू घामाने डबडबून जाई. नंतर या चित्रणावर सिनेमाची गाणी चढवली जात, बदामाच्या आकारात वधूवरांचे चेहरे बसवले जात. याला 'मिक्सिंग' म्हणत. आज आपल्याला त्याचे हसू येते. पण गंमत बाजूला ठेवून त्या चित्राच्या मागे काय दिसते ते पाहा. लालबाग-परळच्या चाळीचा लाकडी जिना दिसतो. गच्चीवरून गिरणीची चिमणी दिसते. मदनपुऱ्यातील किंवा गिरगावातील एखादी गल्ली दिसते, जिथे आज उंच इमारत उभी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली आणि गिरणगावाचे रूप पालटले. ज्या माणसाने कॅमेरा धरला होता, त्याला फक्त वरात टिपायची होती. पण वरातीबरोबर त्याने अख्खा मोहल्ला टिपला.

आता अडचण सांगते. कॅसेट घरी आहे, पण ती वाचणारे यंत्र नाही. जपानमधील फुनाई ही व्हीसीआर बनवणारी जगातील शेवटची कंपनी होती. तिने जुलै २०१६ मध्ये हे उत्पादन थांबवले. म्हणजे आज जगात जेवढे व्हीसीआर आहेत, ते सगळे जुने आहेत आणि त्यांची संख्या कमीच होत जाणार आहे. युनेस्को आणि ध्वनिचित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ साली याच कारणाने जगाला इशारा दिला होता. फितींवरील मजकूर २०२५ च्या सुमारापर्यंत उतरवून घ्या, पुढे यंत्रे आणि ती दुरुस्त करणारी माणसे मिळणे कठीण होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ती वेळ आता आली आहे.

याच्या उलट घडलेली एक गोष्ट आपल्या शहरातीलच आहे. 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट. अर्देशीर इराणी यांनी तो हिंदुस्थानी भाषेत काढला आणि तो १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमात प्रथम दाखवण्यात आला. लोकांनी तिकिटांसाठी एवढी गर्दी केली की पोलिसांना बोलवावे लागले. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, म्हणजे तेहतीस वर्षे उशिराने. त्याआधी जुन्या फिल्म त्यांच्यातील चांदी काढण्यासाठी भंगारात विकल्या जात. आलम आराची काही छायाचित्रे, जाहिराती आणि एक पुस्तिका तेवढी उरली. पुढे २०२२ साली मुंबईत साड्या व पोशाख भाड्याने देणाऱ्या एका दुकानात फिल्मच्या प्रती काढण्याचे एक जुने यंत्र सापडले. आलम आराच्या प्रती त्याच यंत्रावर काढल्या होत्या, असे मानले जाते. तिथे यंत्र उरले आणि फिल्म गेली. तुमच्या घरी फीत उरली आहे आणि यंत्र गेले आहे. दोघांपैकी तुमची स्थिती बरी आहे, कारण यंत्र शोधता येते. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि चोरबाजारातील मटन स्ट्रीट या दोन ठिकाणी जुन्या यंत्रांची चौकशी करणारे लोक आजही जातात.

मात्र यंत्र मिळाले की लगेच कॅसेट आत ढकलू नका. आधी तिच्या काचेसारख्या खिडकीतून आत पाहा. गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पिठासारखे पांढरे डाग दिसले, तर ती बुरशी आहे. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः चार महिन्यांच्या पावसाळ्यात, कॅसेटला बुरशी लागणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. अशी कॅसेट तशीच चालवली तर बुरशी यंत्राच्या वाचणाऱ्या भागावर बसते, चित्र जाते, कधी फीतच अडकून तुटते. शिवाय त्याच यंत्रात दुसरी चांगली कॅसेट घातली की तिलाही लागण होते. अशा कॅसेटची सफाई जाणकाराकडूनच करून घ्यावी. कापसाने आणि अत्तराच्या बाटलीतल्या स्पिरिटने घरी पुसणारे वीर मी पाहिले आहेत. त्यांच्या कॅसेटविषयी न बोललेलेच बरे.

कॅसेट स्वच्छ असेल तर तिच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी पत्री असते, ती मोडून टाका. ती मोडली की त्या कॅसेटवर चुकून दुसरे काही मुद्रित होऊ शकत नाही. त्यानंतर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे फिरवा. कित्येक वर्षे एकाच स्थितीत पडून राहिलेली फीत कुठे सैल, कुठे ताठ झालेली असते, ती यामुळे सारखी होते.

व्हीसीआर फीत कशी वाचतो, हे कळले म्हणजे पुढचे सारे सोपे जाते. फीत स्वतः फार सावकाश सरकते, सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर. पण ती एका तिरक्या बसवलेल्या गोल डब्याला लपेटून जाते आणि तो डबा सेकंदाला २५ फेऱ्या मारतो. डब्यावर समोरासमोर बसवलेले दोन बारीक शीर्ष फितीवर तिरप्या रेघा वाचत जातात. प्रत्येक रेघेत अर्धे चित्र असते. एका रेघेत चित्राच्या विषम ओळी, म्हणजे पहिली, तिसरी, पाचवी, आणि दुसऱ्या रेघेत सम ओळी. दोन अर्धी चित्रे मिळून एक पूर्ण चित्र, आणि अशी २५ पूर्ण चित्रे एका सेकंदात. आपला डोळा फसतो आणि आपल्याला हलते दृश्य दिसते. संगणकावर उतरवलेल्या चित्रात कधी कधी धावणाऱ्या माणसाच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या या अर्ध्या-अर्ध्या चित्रांमुळे येतात. उतरवताना 'डीइंटरलेस' नावाची सोय वापरली की त्या जातात.

व्हीसीआरच्या मागे पिवळे, पांढरे आणि लाल असे गोल खाचे असतात. कुठे पांढरा एकटाच असतो. पिवळ्यातून चित्र आणि बाकीच्यांतून आवाज बाहेर येतो. या तारा 'कॅप्चर' नावाच्या लहानशा उपकरणाला जोडतात आणि ते उपकरण संगणकाला. कॅसेट चालू केली की उपकरण प्रत्येक चित्राचे आकड्यांत रूपांतर करते. यात घाई चालत नाही. झेरॉक्स मिनिटात निघते, पण तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात. एखादा दुकानदार अशा दहा कॅसेट सहा तासांत करून देतो म्हणाला, तर त्याच्याकडे एकाच वेळी चालणारी पाच-सहा यंत्रे आहेत का, हे जरूर विचारा.

आता वही-पेन्सिल घ्या. एक गणित करू. आपल्याकडच्या पद्धतीचे चित्र संगणकात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असे मांडतात. गुणाकार केला की ४,१४,७२० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यासाठी २ बाइट जागा लागते, म्हणजे एका चित्राला ८,२९,४४० बाइट. सेकंदाला २५ चित्रे धरली तर २,०७,३६,००० बाइट. एका तासाचे ३,६०० सेकंद. तुमचे उत्तर सुमारे ७,४६५ कोटी बाइट, म्हणजे जवळजवळ ७५ गिगाबाइट यायला हवे. आणि हे केवळ चित्राचे झाले, आवाज वेगळाच. तीन तासांच्या एका लग्नाला सव्वादोनशे गिगाबाइट! एवढ्या जागेत अनेक मोबाइल भरून जातील. म्हणून ही माहिती दाबून लहान करावी लागते. या क्रियेला मराठीत संपीडन म्हणतात. कॉम्प्रेस करणे हा शब्द तुमच्या कानांवरून गेला असेलच.

दाबायचे म्हणजे नेमके काय करायचे? कापसाचा गठ्ठा दाबला तर त्यातील हवा जाते, कापूस तेवढाच राहतो. माहितीतील 'हवा' कोणती? समजा, चाळीच्या निळ्या भिंतीवर तिरके ऊन पडले आहे. शेजारशेजारच्या आठ ठिपक्यांचा उजेड १००, १०२, १०४, १०६, १०८, ११०, ११२, ११४ असा आहे. आठही आकडे लिहिण्याऐवजी 'सरासरी १०७, डावीकडून उजवीकडे दोन-दोनने चढत जाणारा' एवढे सांगितले तरी भिंत पुन्हा रंगवता येते. आठ आकड्यांचे काम दोन गोष्टींत झाले. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनावर असाच प्रयोग करतात. त्यासाठी जे गणित वापरतात त्यात कोसाइनच्या लाटा असतात. मोठ्या इयत्तांत त्रिकोणमिती शिकाल तेव्हा साइन आणि कोसाइन तुम्हाला भेटतील. 'हे कशाला शिकायचे?' असे तेव्हा वर्गात कोणी विचारले, तर त्याला हा पाठ दाखवा.

ही युक्ती ज्यांनी शोधली ते आपल्या देशात जन्मलेले आहेत. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळुरूमध्ये झाला. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६१ साली ते पदवीधर झाले आणि पुढे अमेरिकेत शिकून कॅन्सस राज्यातील विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. ते मिळाले नाहीत. तपासणाऱ्यांना कल्पना फारच सोपी वाटली, असे अहमद यांनीच पुढे लिहिले आहे. तरी त्यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये अवघ्या काही पानांचा लेख प्रसिद्ध केला. मोबाइलवर तुम्ही जो फोटो पाठवता, व्हीसीडीवर जो चित्रपट पूर्वी पाहत, त्या साऱ्यांत या लेखातील गणित बसलेले आहे.

दुसरी युक्ती वेळेची. एका सेकंदातील २५ चित्रांत बदल किती होतो? मौलवीसाहेब बसलेले आहेत, मागे पडदा आहे, हलतात ते फक्त त्यांचे ओठ. मग पडदा २५ वेळा कशाला लिहायचा? तो एकदा लिहायचा आणि पुढे 'पडदा पूर्वीप्रमाणेच' एवढेच नोंदवायचे. रस्त्यावरून काळी-पिवळी टॅक्सी गेली तर 'टॅक्सीचे चौकोन पाच ठिपके उजवीकडे सरकवा' असे नोंदवायचे. १९९३ साली आलेल्या एमपेग-१ या पद्धतीने, व्हीसीडीवर याच युक्त्यांनी सुमारे सव्वा तासाचा कार्यक्रम एका सीडीवर बसवला. मात्र त्यासाठी चित्रातील ठिपके आधीच चौथाई करून टाकले. २००३ साली आलेल्या एच. २६४ या पद्धतीत युक्त्या आणखी बारकाईच्या आहेत आणि ठिपके कमी करावे लागत नाहीत.

परंतु कापसाची उपमा इथे संपते. पिळून पिळून शेवटी हवेबरोबर कापूसही जाऊ लागतो. जागा फारच कमी दिली, तर संगणक 'हे कुणाला कळणार आहे!' असे ठरवून बारीक तपशील टाकून देतो. त्याचा पहिला बळी असतो वेगाने हलणारी वस्तू. लालबागमधील गणेश विसर्जनाची मिरवणूक आठवा. हवेत गुलाल, हजारो हात, वर पावसाची भुरभुर. इथे 'पूर्वीप्रमाणेच' असे काहीच नाही, प्रत्येक चित्र नवे. भाषण देणारा माणूस थोड्या जागेत मावतो, मिरवणूक मावत नाही. मिरवणुकीचे चौकोनी ठोकळे होतात. जुन्या कॅसेटची आणखी एक खोड आहे. तिच्या चित्रावर मुंग्यांसारखी सतत खरखर असते. ती प्रत्येक चित्रात जागा बदलते. संगणकाला ती मिरवणुकीसारखीच भासते आणि तो आपली सारी जागा त्या मुंग्यांवर उधळतो. म्हणून नव्या, स्वच्छ चित्रापेक्षा जुन्या, खराब चित्राला अधिक जागा द्यावी लागते. दुकानदार बहुधा याच्या उलट करतात. 'जुनेच तर आहे' म्हणून ते आणखी दाबतात.

आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलीच्या घरी हेच झाले. तिच्या फुफीच्या लग्नाच्या पाच कॅसेट होत्या. तिच्या अब्बांनी त्या एका दुकानात दिल्या. आठ दिवसांनी एकच चकती मिळाली. पाचही कॅसेट तिच्यात कोंबल्या होत्या. लग्नात तिचे दादाजान जेमतेम पाऊण मिनिट दिसतात. ते भायखळ्याच्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे कापड विणणारे. साचाखात्यात यंत्रांचा एवढा गोंगाट असे की तिथे शब्द ऐकू येत नसत. कामगार एकमेकांशी हातांच्या खुणांनी बोलत आणि ती सवय घरीही सुटत नसे. लग्नाच्या दालनात ते एका टोकाला उभे आहेत आणि दुसऱ्या टोकाच्या कुणाला तरी हातांनी काही सांगत आहेत. चकतीवर त्यांचा चेहरा ओळखू येत होता, पण हातांच्या जागी राखाडी ठोकळे नाचत होते. घरातल्या कुणालाही त्यात विशेष वाटले नाही. दादी मात्र म्हणाल्या, "हे कसले? ते हातांनी बोलत होते. ते कुठे गेले?"

सुदैवाने दादींनी कॅसेट दुकानातून हट्टाने परत आणवल्या होत्या आणि पिशवीत बांधून ट्रंकेत ठेवल्या होत्या. मुलीने त्यांपैकी ती एक कॅसेट पुन्हा उतरवून घेतली, या वेळी एका तासाला सव्वादोन गिगाबाइट जागा देऊन. खरखर होती, रंग उडालेले होते. पण हात दिसले. दादींनी ते तीनदा लावायला सांगितले आणि मग खुणांचा अर्थ सांगितला. दादाजान दाराशी उभ्या असलेल्या आपल्या खात्यातील सोबत्यांना सांगत होते, "जेवल्याशिवाय जायचे नाही." मुलीने मला हे सांगितले, तेव्हा मी तिला त्या खुणा करून दाखवायला लावल्या. आता आमच्या वर्गात डबा खायच्या सुट्टीत मुले त्याच खुणा करतात.

ही जागा किती द्यायची, ते असे ठरवा. सेकंदाला साधारण ५ मेगाबिट असा वेग निवडलात, तर ८ बिटांचा एक बाइट या हिशेबाने एका तासाचे सव्वादोन गिगाबाइट होतात. ६४ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हमध्ये असे पंचवीसहून अधिक तास मावतात. याहून कमी करण्याची घाई नको. उलट 'आम्ही ४के करून देतो' अशी जाहिरात पाहून भुलूही नका. कॅसेटमध्ये मुळात जेवढा तपशील आहे, त्याहून अधिक आणायचा कुठून? ताकात पाणी घातले तर भांडे भरते, दही वाढत नाही. आणखी एक गोष्ट. मोबाइलवरून व्हिडिओ पाठवला की पाठवणारे ॲप तो पुन्हा दाबते. काकांनी पाठवलेला मामांनी पुढे पाठवला, मामांचा आत्यांनी पाठवला, की चेहरे पुसट होत जातात. उर्दूत आणि मराठीत आपण 'नक्कल' म्हणतो आणि 'हुबेहूब'ही म्हणतो. पाठवत राहिलेली नक्कल हुबेहूब राहत नाही. म्हणून पहिली, मोठी फाईल निराळी जपा आणि पाठवायला तिच्यावरून एक लहान प्रत काढा.

आता त्या तीन तासांचे काय करायचे, ज्यांत कॅसेट उतरत असते? मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसू नका. घरातील सर्वांत वडील माणसाला शेजारी बसवा आणि वहीत नोंद करा. 'बाराव्या मिनिटाला हिरवा शरारा घातलेल्या या कोण? सव्विसाव्या मिनिटाला दिसणारी इमारत कोणती?' संगणकाला 'माझ्या आजीचा आवाज शोध' असे सांगून भागत नाही. कुणीतरी ती आजी कोणत्या मिनिटाला आहे हे लिहून ठेवलेले असावे लागते. मुंबईतील काही चित्रपटकारांनी आणि कलावंतांनी इतर शहरांतील मित्रांच्या मदतीने २००८ साली 'पॅडमा' नावाचा व्हिडिओंचा खुला संग्रह सुरू केला. त्यात चित्रपटातून गाळलेली, कापून टाकलेली दृश्येही आहेत. दृश्याच्या कडेला, ज्या सेकंदाला जे घडते आणि जे बोलले जाते, ते लिहिलेले असते. त्यामुळे तिथे शब्द शोधला की नेमके दृश्य समोर येते. घरच्या कॅसेटसाठी शंभर पानी वही पुरते. तिच्यावर कॅसेटचा क्रमांक घाला आणि तोच क्रमांक फाईलच्या नावात द्या. 'नवीन व्हिडिओ ३' असे नाव दिलेली फाईल दोन वर्षांनी कुणाला उघडावीशी वाटत नाही. '१९९३-१२-फुफीचे लग्न-कॅसेट २' हे नाव लांब आहे, पण कामाचे आहे.

फाईलच्या किमान दोन प्रती करा आणि त्या दोन निरनिराळ्या घरांत ठेवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी तळमजल्यांवरील घरांत पाणी शिरले आणि कित्येक कुटुंबांचे फोटो, कागद आणि कॅसेट एकदमच गेल्या. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती अशा वेळी एकच ठरतात. एक प्रत भिवंडीच्या मावशीकडे किंवा गावी कोकणात ठेवली तर उत्तम. दर दोन-तीन वर्षांनी ती लावून पाहावी. सीडी आणि पेन ड्राइव्हही कायमचे टिकत नाहीत. व्हीसीडी घरात आल्यावर कॅसेट फेकून देणाऱ्या अनेकांच्या व्हीसीडी आज चालत नाहीत.

आणि मूळ कॅसेट? ती टाकायची नाही. तिच्या फितीवर अजूनही कुठल्याही लहान फाईलपेक्षा अधिक माहिती आहे, आणि पुढे कधी अधिक चांगले यंत्र मिळाले तर ती पुन्हा उतरवता येईल. फीत सुरुवातीपर्यंत गुंडाळा. कॅसेट तिच्या खोक्यात घाला आणि पुस्तकासारखी उभी ठेवा, आडवी नको. दूरदर्शन संचाच्या किंवा स्पीकरच्या जवळ ठेवू नका, कारण स्पीकरमध्ये चुंबक असते. ओल येणाऱ्या भिंतीपासून ती दूर असू द्या. नवीन बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी छोटी पुडी येते ना, ती फेकू नका. दोन-तीन पुड्या कॅसेटच्या डब्यात टाका आणि पावसाळा संपला की त्या बदला.